शनिवारी अडून बसणारा डेटाबेस

मी नांदेडची. हे आधीच सांगून टाकते, कारण लातुरात नोकरी करताना रोज कोणीतरी मला त्याची आठवण करून देत असे. "नांदेडच्या का तुम्ही? तरीच!" तरीच काय, ते मात्र आजवर कोणी सांगितलं नाही. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. दिवसभर लातूरचं मीठ खायचं आणि संध्याकाळी फूफीच्या ओट्यावर बसून लातूरलाच नावं ठेवायची, असा माझा शिरस्ता होता.

फूफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. लातुरात मी तिच्याकडेच राहायची. अब्बांचं नांदेडला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. पण लोक मोबाईलमध्ये वेळ बघायला लागले आणि दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा बंद घड्याळंच जास्त दिसायला लागली. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. लातुरात तेव्हा क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. गल्लीत शिरलं की एका बाजूला मेस, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मधे क्लास आणि त्याच्या डोक्यावर हॉस्टेल. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला तिथं येऊन पडलेली. अशाच एका क्लासच्या कॉम्प्युटर खोलीत मला नोकरी लागली. काम काय, तर परीक्षेचे मार्क चढवायचे, रँक काढायची आणि रिझल्ट छापून बोर्डावर लावायचा. "हात्तिच्या, एवढंच?" असं मी घरी आल्यावर म्हटल्याचं फूफी मला पुढं कितीतरी दिवस ऐकवत होती.

परीक्षा शनिवारी सकाळी व्हायची. ज्या पोरांना रजा मिळे, ती पेपर टाकून दुपारच्या गाडीनं गावी पळायची. ज्यांना मिळत नसे, त्यांचे आईबाप रविवारी सकाळी भेटायला यायचे. हातात डबा असायचा. दारातून आत आले की लेकराच्या तोंडाकडं बघायच्या आधी बोर्डाकडं बघायचे. मग तोंडाकडं. मग डबा हातात द्यायचा की आधी कान धरायचा, हे ठरायचं. म्हणून रविवारी सकाळी बोर्डावर रिझल्ट नाही, असं झालं तर आमचे सर पिसाळायचे. सर म्हणजे क्लासचे मालक. फिजिक्स शिकवायचे आणि चिडले की आवाज न चढवता नुसतं "मॅडम" म्हणायचे. ते "मॅडम" ऐकण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

हे सगळं चालायचं एका सॉफ्टवेअरवर, आणि ते बांधून दिलं होतं पुण्याच्या एका माणसानं. पैसे घेतले, सॉफ्टवेअर टाकलं आणि फोन नंबर बदलला. जाताना कोड मात्र त्याच कॉम्प्युटरवर विसरून गेला, तेवढे त्याचे उपकार. त्याच्या पोटात होता एक छोटासा डेटाबेस. मोठ्या कंपन्यांत असतो तसा थंड खोलीत ठेवलेला सर्व्हर वगैरे काही नाही. सगळा मिळून एक फाईल. पोरांची नावं त्यात, मार्क त्यात, हॉस्टेलची रजा त्यात. पेन ड्राइव्हवर टाका आणि खिशात घालून बिलोलीला जाऊन या, इतकं सुटसुटीत काम. ती फाईल माझ्या कॉम्प्युटरवर होती आणि बाहेरच्या काऊंटरवरचा कॉम्प्युटर वायरीनं तिच्यापर्यंत पोचत होता.

या डेटाबेसची रीत साधी. वाचायचं तर कितीही जणांनी वाचावं. लिहायचं असेल तर मात्र एका वेळी एकच जण. घरातली न्हाणी असते तसं. आतला बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला आत जाता येत नाही. ह्यात वाईट काही नाही, कारण लिहिण्याचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. उरकायला पाहिजे. आमचं उरकत नव्हतं.

पहिल्याच शनिवारी मी मार्क चढवायला बसले आणि पडद्यावर आलं: डेटाबेस लॉक आहे. पुन्हा केलं. लॉक आहे. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. लॉक आहे! पोरांची यादी बघता येत होती, जुने मार्क बघता येत होते, पण नवा एक आकडा लिहू म्हटलं तर नाही. चार तास मी त्या खुर्चीत बसून घाम पुसला. आणि मग संध्याकाळ पार कलल्यावर, मी काहीही न करता, तो आपोआप सुटला. रडून रडून दमलेलं लेकरू एकदम गप्प व्हावं, तसा. मी भराभर मार्क चढवले, रिझल्ट काढून बोर्डावर लावला आणि घरी गेले.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी वॉचमनदादांनी निदान केलं. "मॅडम, शनिवारीच अडतंय ना? मग हे शनीचं हाय." त्यांनी शनीला तेल वाहिलं आणि उरलेलं बोटभर माझ्या सीपीयूला लावलं. मी पुसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काय बिघडतंय?" खरंच, आणखी काय बिघडणार होतं? फूफीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पहले खाना खा ले. कंप्यूटर कहीं भाग के नै जारा." तिचं बरोबर होतं. भागणार तर मीच होते, कारण सरांनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. नांदेडच्या गाड्या भरपूर आहेत."

हे मात्र माझ्या डोक्यात गेलं. नांदेडची गाडी काढतात! मी पुढचा आठवडा त्या डेटाबेसच्या मागं हात धुवून लागले. आणि खरं सांगते, पुण्याच्या त्या पठ्ठ्यानं असले घोळ घातले होते की बघून हसावं का रडावं. एका पोराचे मार्क शोधायला तो डेटाबेस पहिल्या पोरापासून शेवटच्या पोरापर्यंत सगळी उत्तरं चाळायचा, आणि दुसऱ्या पोरासाठी पुन्हा पहिल्यापासून. मी रोल नंबरावर इंडेक्स टाकला. पुस्तकाच्या मागं असते तशी सूची. लगेच शोध झटपट व्हायला लागला. मग बघते तर मार्क लिहिताना तो एकेक आकडा लिहायचा आणि दरवेळी डिस्कवर पक्का करून यायचा. म्हणजे बाजारातून एकेक कांदा आणायचा आणि दरवेळी घरी येऊन ठेवायचा. मी सगळे मार्क एकाच व्यवहारात, म्हणजे एकाच खेपेत, बांधले. जुनी, पुसलेली पोरं फाईलमध्ये जागा अडवून बसलेली होती, ती झाडून काढली. मंगळवारी करून बघितलं तर ज्या रिझल्टला आधी अर्धी दुपार जायची, तो चहा गार व्हायच्या आत निघाला. मी सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, "हं." लातुरात ह्याला कौतुक म्हणतात.

आणि शनिवारी? शनिवारी, डेटाबेस लॉक आहे.

माझं डोकंच फिरलं. मंगळवारी पळणारा शनिवारी अडतो म्हणजे दोष वेगाचा नाही, इतकं तरी कळलं. अब्बा म्हणायचे, घड्याळ उघडायच्या आधी ते कुठं ठेवलेलं असतं ते विचार. अर्धी घड्याळं घड्याळात बिघडलेलीच नसतात. मी कोड बाजूला ठेवला आणि नुसती फाईल बघत बसले. तेव्हा दिसलं. डेटाबेसच्या फाईलशेजारी आणखी एक छोटी फाईल होती. कोणी लिहायला लागलं की ती जन्माला येते, आणि लिहिणं पक्कं झालं की मरते. काम अर्ध्यावर फसलं तर जुनं परत आणता यावं, म्हणून केलेली ती सोय. तिचं आयुष्य क्षणभराचं असायला पाहिजे. ही दुपारपासून जिवंत होती. म्हणजे कोणीतरी दुपारपासून लिहायला बसलेलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. मी नव्हते. मग दुसरा कॉम्प्युटर एकच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

बाहेरच्या काऊंटरवर काकू बसायच्या. पन्नाशीच्या, औशाकडच्या, आवाज खणखणीत. हॉस्टेलची रजा त्या लिहायच्या, फोन त्याच घ्यायच्या, आणि पोरांना आईपेक्षा त्यांची जास्त भीती. मी जाऊन बघितलं तर त्यांच्या पडद्यावर रजेची खिडकी उघडी. गावी गेलेल्या सगळ्या पोरांची नावं, प्रत्येकापुढं घरचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर आणि दोन चौकोन: निघाला, पोचला. खाली "जतन करा" असं बटण. समोर क्लासचा मोबाईल ठेवलेला.

"काकू, हे किती वेळ उघडंय?"

"दुपारपासनं. कामून?"

"बंद करा ना मग. जतन करा आणि टाका बंद करून."

"कसं करू?" काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी जेवत्या माणसाचं ताट उचला म्हणाले. "धर्माबादचं लेकरू पोचलं न्हाई अजून."

मग मला सगळं समजलं. तेव्हा मिस कॉलचा जमाना होता. गावी पोचलं की पोरानं घरच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवरून क्लासच्या मोबाईलवर एक मिस कॉल द्यायचा. पैसे पडायचे नाहीत आणि निरोप पोचायचा. हा नियम क्लासचा नव्हता, काकूंचा होता. रेणापूरचं पोरगं तासाभरात मिस कॉल द्यायचं. धर्माबादच्या पोराला दोन गाड्या बदलून पोचता पोचता रात्र व्हायची. मिस कॉल आला की काकू "पोचला" वर खूण करायच्या. सगळे पोचले की मग "जतन करा". त्याच्या आधी नाही. आणि पुण्याच्या त्या शहाण्यानं असं करून ठेवलं होतं की ही खिडकी उघडली रे उघडली की डेटाबेसचं लिहिणं सुरू, आणि ते संपणार थेट जतन केल्यावर. काकू दर शनिवारी कामचुकारपणा न करता, नेमानं, पोटतिडकीनं, माझ्या डेटाबेसला कुलूप लावून बसत होत्या.

"अहो काकू, अर्धी यादी जतन करून ठेवली तरी चालतं!"

"अर्धं लिहून वर सही कशी करायची, सांग बरं? पोरगं रस्त्यात हाय आणि मी काम झालं म्हणून बटण दाबू? असलं खोटं मला न्हाई जमत."

"काकू, तुमच्यामुळं माझी नोकरी चाललीय!"

"आगं माय! मी काय केलं?"

आमचा आवाज वाढला आणि सर बाहेर आले. मी बोलले. बोलायच्या आधी थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं, पण चार शनिवारांचा राग होता. सरांनी ऐकून घेतलं, काकूंच्या टेबलामागं गेले आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. पडदा काळा.

"मॅडम," सर म्हणाले, "लावा रिझल्ट."

माझ्या कॉम्प्युटरवर डेटाबेस सुटला. मार्क चढले, रँक निघाली. इतक्या पटकन की मलाच लाज वाटली. कारण मला माहीत होतं आत काय झालं असणार. हा डेटाबेस इमानदार असतो. अर्धवट राहिलेलं लिहिणं तो खरं मानत नाही. पुन्हा उघडला की ते पुसतो आणि जसं होतं तसं करून ठेवतो. काकूंनी कॉम्प्युटर चालू केला, रजेची खिडकी उघडली. एकही नाव नव्हतं. डेटाबेसच्या लेखी त्या दिवशी कोणीही गावी निघालेलं नव्हतं.

काकू उठल्या आणि जिना चढायला लागल्या. मी मागं मागं. मोबाईलमध्ये आलेले मिस कॉल होते, पण नंबर गावाकडचे, कोणाकोणाचे. कोणता नंबर कोणत्या पोराचा, ते त्या पुसलेल्या यादीतच लिहिलेलं होतं. काकू हॉस्टेलच्या एकेका खोलीत जाऊन रिकाम्या कॉटी बघायला लागल्या. गादी गुंडाळलेली असली की पोरगं गावी. "हा उदगीरचा. ह्याचा आलाय फोन. ही कॉट देगलूरच्या पोराची, लिही. ह्याचा आलाय का न्हाई, ध्यानात न्हाई बाई. फोन लाव." मी लिहीत होते, फोन लावत होते. पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणायचं, आणि काकू माझ्या हातातून फोन हिसकावून ओरडायच्या, "पोचलास का रं?"

दुसऱ्या मजल्यावर दम लागला तेव्हा त्या एका कॉटीवर टेकल्या. मी म्हटलं, "काकू, माफ करा." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कोणाला सांगितलं नसावं, कारण सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. भूकंपाच्या वेळी त्यांचा धाकटा भाऊ लातुरात त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होता. गणपती विसर्जनासाठी आदल्या दिवशी गावी गेला. पहाटे जमीन हलली. काकू लातुरात होत्या, रस्त्यावर आल्या, वाचल्या. गावाकडून ज्या बातम्या यायला लागल्या त्या ऐकवत नव्हत्या. आणि काकू स्टँडवर उभ्या राहून प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला, कंडक्टरला एकच विचारत होत्या: काल आमचं पोरगं ह्या गाडीनं गेलं होतं, कुठं उतरलं?

आमच्या नांदेडात त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली होती, तेवढंच. लातूरकडच्या माणसांपुढं भूकंपावर बोलायला माझी जीभ वळायची नाही.

"कित्येक दिसांनी आला," काकू म्हणाल्या. "मातीनं भरलेला. वाटेत दोस्ताच्या गावी उतरला हुता रातच्याला. पोचलाच नव्हता, म्हणून वाचला. मग लोकांबरोबर दगड उपसत बसला. मी त्याला बघितलं आणि आदी कानफाडात दिली. म्हणलं, न्हाई पोचलो, एवढं तरी कळवायचं की रे!" त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "चल. तिसरा मजला ऱ्हायलाय, पोरींचा."

यादी झाली. धर्माबादच्या पोराचा मिस कॉल नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी आला. खाली येऊन बघतो तर सरांनी काकूंच्या टेबलावर निरोप ठेवलेला: पुढच्या महिन्यापासून रजेचं काम वॉचमनकडं. काऊंटर बंद. पोरगं गेटमधून बाहेर पडलं की क्लासची जबाबदारी संपली.

मला इतकं वाईट वाटलं की त्या रात्री फूफीच्या हातची खिचडीही गिळवेना. मग वाईट वाटणं संपलं आणि राग आला. रागात माझं काम बरं होतं. मी पुढच्या आठवड्यात रजेच्या खिडकीचा कोड उघडून त्याचं आतडं काढलं. "जतन करा" बटण काढूनच टाकलं. आता काकूंनी चौकोनात खूण केली की तेवढंच एक लिहिणं, तिथल्या तिथं पक्कं, आणि डेटाबेस लगेच मोकळा. खिडकी दिवसभर उघडी राहिली तरी कोणाला अडवत नव्हती. शिवाय लिहायला कोणी आत असेल तर लगेच बोंब न मारता काही सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न कर, असंही त्याला शिकवलं. वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांच्या आड येऊ नयेत अशी एक नवी पद्धत निघाली होती, तीही वाचून काढली. पण दोन वेगळ्या कॉम्प्युटरांतून एक फाईल वापरायची तर ती पद्धत चालत नाही, म्हणून सोडून दिली. आणि यादीत अजून न पोचलेली पोरं सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात दिसतील असं केलं. काकू म्हणाल्या, "आता कसं, बिनचष्म्याचं दिसतंय."

शनिवारी मार्क पहिल्या फटक्यात चढले. वॉचमनदादांनी श्रेय शनीला दिलं. मी वाद घातला नाही. मी सरांकडं गेले.

"सर, आता रजेचं आणि रिझल्टचं एकमेकांत काही अडकत नाही. काकूंमुळं आता काहीच थांबत नाही."

"छान," सर म्हणाले. "मग आता सांगा, बाई शनिवारभर मोबाईलकडं बघत बसतात, त्याचा क्लासला उपयोग काय? आधी निदान तुमचं काम अडत होतं."

घ्या! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी दुरुस्त केलेली गोष्टच काकूंच्या मुळावर आली. मी तरीही बोलले, "सर, आईबाप लेकरं तुमच्या भरवशावर पाठवतात." सर म्हणाले, "मॅडम, आईबाप लेकरं माझ्या रिझल्टवर पाठवतात." आणि दर रविवारी पालकांपुढं करायचे ते भाषण त्यांनी मला एकटीला ऐकवलं: लातूरसारखा अभ्यास देशात कुठं होत नाही, लेकराला दुसरीकडं पाठवणारा बाप डोळे असून आंधळा, वगैरे. मला ते पाठ होतं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

महिना संपत आला. काकूंचा तो शेवटचा शनिवार. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला होता. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, देवीचा अंगारा, सगळं पिशवीत. मी माझं काम आटपून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. दिवेलागण झाली होती. दार ढकलून सर आले. अंगात घरचा शर्ट, हातात मोबाईल, तोंडावर रंग नाही.

"काकू," ते म्हणाले. तोवर आम्ही त्यांच्या तोंडून "बाई" सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. "यादीत एक नाव घाला."

"कोणाचं, सर?"

सरांनी नाव सांगितलं. ते त्यांच्या मुलाचं होतं. काकूंनी लिहिलं. "कुठं निघालंय लेकरू?"

सर भिंतीकडं बघत म्हणाले, "हैदराबाद."

"पावण्याकडं?"

"नाही." मग हातातला मोबाईल उलटा करत, "क्लासला."

मी ओढणीचं टोक दातात धरलं आणि पडद्याकडं बघत राहिले. हसले असते तर नोकरी गेली असती, आणि खरं तर त्यांच्याकडं बघून हसूही येत नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी "निघाला" वर खूण केली. डेटाबेसनं ती मुकाट्यानं लिहून घेतली.

"सकाळी निघालाय," सर म्हणाले. "एव्हाना पोचायला पाहिजे होता. जायच्या आधी भांडला माझ्याशी. माझा फोन उचलत नाही. त्याच्या आईचाही नाही. पण तुमच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, एवढं तो विसरणार नाही. लहानपणापासून इथंच खेळलाय ना. तुम्हाला घाबरतो तो."

"बसा," काकू म्हणाल्या.

सर पालकांच्या बाकावर बसले. तिथं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. रेणापूर आलं. उदगीर आलं. दरवेळी मोबाईल एकदा वाजून बंद व्हायचा, सर अर्धे उठायचे आणि काकू नंबर बघून मान हलवायच्या. काकूंनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

मग वाजला. एकदा. दोनदा. बंद.

काकूंनी नंबर सरांपुढं धरला. सरांनी तो वाचला, पुन्हा वाचला. काकूंनी "पोचला" वर खूण केली, आणि सरांनी ग्लासभर पाणी एका दमात संपवलं. रुमालानं सगळं तोंड पुसलं. उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथं थांबून पडद्याकडं बघितलं. वर मोठ्या अक्षरात एक नाव राहिलं होतं.

"ही कोण?"

"बिलोलीची पोरगी हाय, सर. अजून न्हाई आला फोन."

सरांनी घड्याळात बघितलं. मग परत येऊन बाकावर बसले.